एकतीस नंबरचं कूपन

आंतरदेशीय पत्र घाईनं उघडलं की आतला मजकूर फाटतो. म्हणून मी ते पट्टीनं कापत होतो, एकेक कड करून. खरं सांगायचं तर पाठीवरचा पत्ता आधीच वाचला होता, म्हणून इतका सावकाश कापत होतो.

"कुणाचं हो?" पलीकडच्या टेबलावरून जयंतरावांनी विचारलं.

"एकतीस नंबरचं."

"गोदाबाईंचं? काय म्हणतायत?"

दहा-बारा ओळी होत्या. मी वाचल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचल्या.

"चौकशी केलीय," मी म्हणालो.

"मग दोन ओळी टाका. तुमचं अक्षर चांगलं आहे."

"टाकतो," मी म्हणालो.

ही १९८६ सालच्या जूनमधली गोष्ट. ते उत्तर मी टाकलं नाही. पत्र माझ्या शब्दकोशात ठेवलं. पुढे चार घरं बदलली, शब्दकोशाची बांधणी दोनदा नवी करून घेतली, आणि दोन्ही वेळा बाइंडरकडे देण्याआधी पत्र आठवणीनं काढून घेतलं.

पत्रात प्रश्न एकच होता. त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं आणि ते मला ठाऊक होतं. ते उत्तर गोदाबाई अठ्ठावन्न घरांत जाऊन सांगणार होत्या. माझ्या भरवशावर त्यांनी आणखी अकरा जणींना शब्द दिला होता.

मी लेखक नव्हे, आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासत आलो. तेव्हा हे मला नीट सांगता येईल की नाही, खात्री नाही.

औरंगाबादेत आमचं छोटं प्रकाशन होतं. त्याचं नाव आता कुणाला आठवणार नाही. मालक जयंतराव आंबेकर, मुद्रितं तपासायला आणि पत्रव्यवहाराला मी. जयंतरावांनी सहा खंडांचा एक कोश काढायला घेतला होता, मुलांसाठी आणि नव्यानं अक्षर शिकलेल्या मोठ्या माणसांसाठी. लिहिणारे एकटे तळणीकर सर. सगळ्या नोंदी त्यांच्या हातच्या. पहिला खंड त्र्याऐंशीच्या दिवाळीत निघाला.

गावोगावी पुस्तकाचं दुकान नव्हतं. म्हणून जयंतरावांनी प्रतिनिधी नेमले. शिक्षक, पोस्टमास्तर, एक-दोन पानपट्टीवाले. प्रत्येकाला छापील पत्रकांचा गठ्ठा द्यायचा. पत्रकाच्या खाली कापून पाठवायचं कूपन, आणि कूपनाच्या कोपऱ्यात रबरी शिक्क्यानं त्या प्रतिनिधीचा नंबर. कूपन आलं की कुणामुळे आलं ते कळायचं, त्याप्रमाणे त्याचं कमिशन. आज हीच गोष्ट मोबाईलवर चालते असं ऐकतो. आमच्याकडे ती कात्री आणि डिंकावर चालायची.

प्रतिनिधी साठ होते. बहुतेकांची तीन-चार कूपनं आली. एकतीस नंबरची अठ्ठावन्न आली.

"हा कोण गो. कऱ्हाळे?" जयंतराव म्हणाले. "बोरगव्हाण, तालुका वसमत. सेलूकर, तुम्ही जाऊन या."

"मी?"

"मग कोण? तो काय करतो ते बघून या. आणि त्याच्या हातानंच आजूबाजूच्या गावांत त्याच्यासारखी माणसं जोडा. मला बाकीचे एकोणसाठ नकोत हो. असे दहा द्या."

"पण तळणीकर सरांचं..."

जयंतरावांनी पेन खाली ठेवलं. फेब्रुवारीत तळणीकरांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती. कोशाचं हस्तलिखित 'न'पर्यंत होतं, म्हणजे तिसऱ्या खंडाअखेर.

"सर बरे होतील," जयंतराव म्हणाले. "नाही झाले तर दुसरं कुणी बघू. तोवर बाहेर बोलू नका."

ते लबाड नव्हते. पुढे प्रकाशन बुडालं तेव्हा त्यांनी राहतं घर विकून छापखान्यातल्या माणसांचे पगार दिले. त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं. खोटं बोलायला सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये मी बोरगव्हाणला उतरलो. एस.टी.च्या फाट्यावर एकाला विचारलं, "कऱ्हाळे मास्तर कुठं राहतात?"

"मास्तर न्हाई, बाई हायेत. बालवाडीच्या. आता घरी न्हाईत, हळदीवर असतील."

शेताच्या कडेला चुलवणावर मोठी कढई चढली होती. वाफेत एक म्हातारा लांब बांबूनं कढई ढवळत होता, आणि पाटीत हळद भरत एक बाई उभी होती. वय तिशीच्या पुढचं. हात कोपरापर्यंत पिवळे.

"मी औरंगाबादहून आलो. सेलूकर. प्रकाशनातून," मी म्हणालो. अनोळखी माणसांशी बोलायची वेळ माझ्यावर सहसा येत नसे.

बाई हसल्या. "तुमच्या पत्रांखाली सही असते 'करिता व्यवस्थापक'. ते तुमीच का?"

"हो."

"नाव कामून लिहीत न्हाईत मग? मी दर वेळी विचार करायची, एवढं सुंदर अक्षर कुणाचं असंल."

म्हातारबुवा मदतीला आले. ते त्यांचे सासरे होते, सगळे त्यांना आबा म्हणत.

"सायेब, वाऱ्याच्या तोंडाला उभं ऱ्हाऊ नका, वाफ लागंल. इकडं या. हे बघा. किती टाईम शिजवायची, इचारा."

"किती?"

"घड्याळ लावून हळद शिजत नसती! आधी फेस आला पाह्यजे. मंग पांढरी वाफ निगती, अन् वास बदलतो. तवा काडी टोचायची. आरपार गेली की उतरवायची. कच्ची काढली तं रंग न्हाई, जास्ती झाली तं गाळ. माजं सगळं आयुष्य या काडीच्या टोकावर गेलं."

"आबा, त्यांना पाणी तरी पिऊ द्या," गोदाबाई म्हणाल्या.

दुपारी त्यांनी मला गावात नेलं. रस्त्यानं मी विचारलं, "अठ्ठावन्न घरं तुम्ही कशी जोडलीत? काय सांगता लोकांना?"

"सांगत काहीच न्हाई. विचारते."

त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. डाव्या बाजूला घरच्या माणसाचं नाव, उजव्या बाजूला एकच शब्द. इस्माईल लोहार, लोखंड. काशिनाथ, विहीर. पारूबाई, गर्भाशय. रंगनाथ गुरव, ग्रहण.

"प्रत्येक घरी विचारायचं, तुमाला कोणत्या एका गोष्टीची समदी माहिती व्हावी वाटते? ते सांगतात. मी लिहून घेते. ते पान छापून आलं की मी सोता त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवणार. वाचता येणारे थोडेच हायेत इथं. पुस्तक कोण घेतं सर? आपला शब्द कुणी तरी छापलाय, यासाठी घेतात."

एका ओसरीवर एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. सुंदराबाई.

"गोदे, माजा समुद्र कवा येतो?"

"सहाव्या पुस्तकात, मावशे. शेवटच्या."

"तवर मी ऱ्हाईन का?"

"ऱ्हाशील की. अजून शेंगा तोडतीस दातानं."

"न्हाई ऱ्हायले तं माज्या फोटूम्होरं वाच. पर मोठ्यानं वाच, मला कमी ऐकू येतं." मग ती माझ्याकडे वळली. "तुमी पाह्यला का हो समुद्र?"

"पाहिला."

"लई पाणी असतं म्हणं. पर त्येचं करत्यात काय, पिता येत न्हाई तं?"

"पुस्तकात येईल," मी म्हणालो. त्या दिवशीचं माझं ते पहिलं खोटं. तेव्हा ते इतकं लहान वाटलं की माझ्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी आम्ही कऱ्हाळ्यांच्या अंगणात बसलो. भाकरी झाली. मी जयंतरावांचा निरोप सांगितला. आसपासच्या गावांतून त्यांनी बायका निवडाव्यात, प्रत्येकीला स्वतंत्र नंबर मिळेल, आणि त्या जे जोडतील त्यातला थोडा वाटा गोदाबाईंनाही मिळेल.

त्या नखांतली हळद काडीनं काढत राहिल्या.

"बाया हायेत," त्या म्हणाल्या. "कुरुंद्याची एक हाय, गिरगावची एक. शिवणक्लासच्या, बालवाडीच्या. माझ्या शब्दावर त्या उठतील. म्हणून तुमाला एक विचारते, सर. राग मानू नका."

"विचारा ना."

"साही पुस्तकं येणार ना?"

आबांनी चिलीम खाली ठेवली.

"माझ्या वहीत बघा," त्या म्हणाल्या. "निम्मे शब्द शेवटच्या तीन पुस्तकांतले. पहिलं पुस्तक माझ्या हातात हाय, ते मी दाखवू शकते. पुढचं म्या पाह्यलं न्हाई. तुमी कागद तपासता. तुमी पाह्यलंय. तुमी हो म्हणलात की मी त्या बायांना सांगीन, मी साहेबांना तोंडावर विचारलंय."

मला एवढंच म्हणायचं होतं की लिहिणारे सर आजारी आहेत, थोडं थांबा. मराठीत हे वाक्य अवघड नाही. पण मी सदतीस वर्षांचा होतो आणि तोवर कुणीही माझ्या शब्दाची अशी वाट पाहिली नव्हती. माझं अक्षर सुंदर आहे, असं एका बाईनं सकाळी सांगितलं होतं. मला तो दिवस बिघडवावासा वाटला नाही. यापेक्षा मोठं कारण मी इतकी वर्षं शोधलं, सापडलं नाही.

"येणार," मी म्हणालो.

"लिहून झालीत?"

"हो."

"मंग माजी हळद?" आबा पुढे सरकले. वहीत त्यांचा शब्द पहिला होता. "हळद लिवली का? मला बघायचंय, पुस्तकवाल्याला हळद कितपत कळती ते."

"लिहिली आहे. मी स्वतः वाचली."

"काय लिवलंय?"

झटका आल्यावर आठ दिवसांनी मी तळणीकरांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या टेबलावर प्रत्येक अक्षराचं एक खाकी पाकीट असे, त्या अक्षराच्या नोंदींसाठी. 'ह' लिहिलेलं पाकीट मी उघडून पाहिलं होतं. आत काही नव्हतं.

"शिजवण्याबद्दल आहे," मी म्हणालो. "आधी फेस येतो. मग पांढरी वाफ निघते, वास बदलतो. तेव्हा काडी टोचून पाहायची, आरपार गेली की उतरवायची, असं लिहिलंय. कच्ची काढली तर रंग येत नाही."

आबांनी मांडीवर थाप मारली. "बराबर! गोदे, ऐकलं का? बराबर लिवलंय गड्यानं! लिवणाऱ्यानं हळद पाह्यलेली हाय. म्या म्हणत व्हतो, पुस्तकात समदं उलटंच असतं, तं न्हाई!"

ते इतके आनंदले होते की आत जाऊन गुळाचा खडा घेऊन आले आणि माझ्या हातावर ठेवला. गोदाबाई माझ्याकडे पाहत होत्या. क्षणभरच. मग त्यांनी वही मिटली.

"मग झालं," त्या म्हणाल्या. "जोडते बाया."

चार महिन्यांत त्यांनी अकरा जणी जोडल्या. प्रत्येकीचा नंबरचा शिक्का मीच बनवून घेतला आणि पत्रकांच्या गठ्ठ्यासोबत पत्र पाठवलं, खाली 'करिता व्यवस्थापक'. जयंतराव खूश होते. मला दहा रुपये पगारवाढ झाली. मी कोशाचा दुसरा खंड तपासला, मग तिसरा. प्रत्येक खंडामागे वाटे, सरांचा हात उठेल. पंच्याऐंशीच्या डिसेंबरात तळणीकर गेले. त्यांच्यासारखं लिहिणारं दुसरं कुणी मिळालं नाही, आणि मिळालं असतं तरी तोवर छापखाना गहाण पडला होता. मे महिन्यात आम्ही सगळ्या प्रतिनिधींना, उरलेले खंड निघणार नाहीत, असं छापील परिपत्रक पाठवलं. मजकूर माझाच. 'अपरिहार्य कारणास्तव' हे शब्द मीच घातले.

त्यावर एकट्या एकतीस नंबरचं पत्र आलं. ते असं :

'सरांना नमस्कार. परिपत्रक मिळालं. आबा संक्रांतीला वारले. शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत होते की माझी हळद बरोबर लिहिली आहे. आता मला अठ्ठावन्न घरांत जायचं आहे आणि माझ्या अकरा बायांना पण त्यांच्या त्यांच्या घरांत जायचं आहे. काय सांगायचं हे त्या मला विचारतात. त्या दिवशी तुम्ही आबांना जे सांगितलं ते आबांनीच सकाळी तुम्हाला सांगितलेलं होतं, असं मला तेव्हाच वाटलं होतं. मग मी मनाला म्हटलं, शिकलेला माणूस असं कशाला करील. म्हणून विचारते, ते लिहिलेलं खरंच होतं का? होतं, तर मी सांगीन की सगळ्यांचंच नशीब. नव्हतं, तर सांगीन की मी माणूस ओळखायला चुकले. दोन्ही सांगायची माझी तयारी आहे. फक्त खरं कोणतं ते कळवा. आपली, गोदावरी कऱ्हाळे.'

मी उत्तर पाठवलं नाही, म्हणजे त्यांनी काय सांगितलं असेल ते मला माहीत नाही. दोन्हींपैकी एक सांगितलं असेल किंवा काहीच न सांगता सगळं ऐकून घेतलं असेल. सुंदराबाईनं समुद्राचं विचारलं असेल. या गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर यायच्या, आणि मग मी एखादं पुस्तक उघडायचो.

गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याची मुलगी गार्गी आली. ती पुण्यात एका कंपनीत आहे. कंपनी घरगुती वस्तू मोबाईलवरून विकते. गावोगावच्या बायकांना एक लिंक द्यायची, त्यांनी ती आपल्या ओळखीत पाठवायची, तिच्यावरून कुणी काही घेतलं की त्यांना कमिशन.

"आजोबा, हजारो जणी आहेत, पण खरं काम वीस-पंचवीस जणीच करतात," ती म्हणाली. "मला तशाच अजून शोधायच्या आहेत. त्यांना पाठवायचं पत्र लिहिलंय. माझं मराठी म्हणजे... तुम्ही जरा नीट करून द्या ना."

मी चष्मा लावला. मराठी तितकं वाईट नव्हतं. चौथी ओळ होती, 'आमची प्रत्येक वस्तू आम्ही स्वतः वापरून खात्री केलेली आहे.'

"तू वापरल्यास?"

"मी?" ती हसली. "एवढ्या वस्तू! कुणीतरी वापरल्या असतीलच की कंपनीत."

"कुणी?"

"आजोबा, असं लिहायचंच असतं. सगळे लिहितात."

"एखादीनं विचारलं तर?"

"कुणी नाही ओ विचारत."

"जी सगळ्यात चांगलं काम करते ना," मी म्हणालो, "ती विचारते."

माझा आवाज बहुधा बरा नव्हता. ती मोबाईल खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "काय झालं तुम्हाला?"

"काही नाही. ही ओळ काढ. नाहीतर आधी कंपनीत विचारून ये. मग पुढचं नीट करतो."

"उद्या पाठवायचंय मला ते," ती कुरकुरली. पण ती ओळ तिनं माझ्यासमोर खोडली.

ती गेल्यावर मी शब्दकोश काढला. पत्राच्या घड्या इतक्या विरल्या होत्या की ते उलगडताना त्याचे तीन तुकडे झाले.

पहिलं उत्तर चार पानं झालं. त्यात तळणीकरांचा हात होता, जयंतरावांचं घर होतं, माझा बुजरा स्वभाव होता. ते मी फाडलं. मग वाटलं, निदान हळदीची नोंद तरी लिहून पाठवावी. दोन दिवस बसून लिहिली. वाचून पाहिली, तर त्यात जे खरं होतं ते सगळं आबांचं होतं, आणि आबा वाचायला नव्हते. तीही फाडली.

शेवटी एवढंच लिहिलं :

'गोदावरीबाई कऱ्हाळे यांस,

आपल्या २ जून १९८६ च्या पत्राचं उत्तर.

नाही. हळदीची नोंद लिहिलेली नव्हती. त्या दिवशी हे मला माहीत होतं. आबांना मी त्यांचंच सांगितलं. तुम्ही मला समोर बसवून विचारलंत आणि मी खोटं बोललो. हे पत्र हव्या त्या घरात दाखवावं.

समुद्र पुस्तकात येईल, हेही मी सुंदराबाईंना खोटंच सांगितलं होतं.'

गार्गी फोनवर म्हणाली, नाव सांगा, मी शोधून नंबर देते. मी नको म्हटलं. त्या हयात असतील तर पंचाहत्तरीच्या असतील. नसतील तर पत्र त्या घरात कुणीतरी उघडेल. विचारणं पत्रानं झालं होतं, उत्तरही पत्रानंच जायला हवं होतं.

पोस्टातल्या मुलीनं पाकीट उलटंपालटं केलं. "आजोबा, नुसतं गाव आणि तालुका? मोबाईल नंबर नाही?"

"नाही. बालवाडीच्या बाई असं लिहिलंय ना खाली."

"अजून बालवाडी असेल का तिथं?"

"तेव्हा होती."

"परत आलं तर? पाठवणाऱ्याचं नाव नाही घातलंत."

मी पाकीट परत घेतलं. काउंटरला बांधलेल्या पेननं मागच्या बाजूला वामन सेलूकर असं लिहिलं, खाली घराचा पूर्ण पत्ता. मग पाकीट उघडावं लागलं, कारण आत सही करायची राहिली होती. तिथंही नाव लिहिलं. तिनं डिंकाची बाटली पुढे सरकवली. मी पाकीट चिकटवलं, बाहेर येऊन लाल पेटीच्या तोंडात धरलं, आणि सोडलं.